हशा, टाळ्या आणि किलोमीटर

26 ऑक्टोबर 2020. दिल्लीतल्या द्वारका भागात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. कोरोनाचे दिवस असल्यामुळे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी पडद्यावरून बोलत होते. अशा प्रसंगी मंत्र्यानं काय बोलायचं हे ठरलेलं असतं. इमारत देखणी झाली, अधिकाऱ्यांनी परिश्रम घेतले, सर्वांचं अभिनंदन. गडकरींनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की अभिनंदन करायची रीत आहे, पण मला संकोच वाटतो आहे. मग त्यांनी हिशेब मांडला. इमारत बांधायचं ठरलं 2008 साली, निविदा निघाली 2011 साली. काम दोन-अडीचशे कोटींचं. तेवढ्या अवधीत दोन सरकारं आली-गेली, प्राधिकरणाचे सात अध्यक्ष होऊन गेले, आणि आठव्याच्या कारकिर्दीत फीत कापायची वेळ आली. ज्यांनी हा उशीर केला त्या थोर अधिकाऱ्यांचे फोटो या इमारतीत लावा, असं त्यांनी सुचवलं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल की हे काम कोणामुळे एवढं रखडलं. समोरच्या अधिकाऱ्यांचे चेहरे कसे झाले असतील, याची कल्पना करता येते. ती चित्रफीत देशभर फिरली.

गडकरींच्या बोलण्याची सगळी जात त्या भाषणात दिसते. कोटी आहे, चिमटा आहे, पण त्याच्या पोटात वर्ष आहे, रक्कम आहे आणि जबाबदार कोण याचा पत्ता आहे. शिवाय टोला स्वतःच्याच खात्याला आहे. विरोधकांवर कोटी करणारे नेते पुष्कळ आहेत. आपल्याच घरातलं मांजर भर पंगतीत बाहेर काढणारा मंत्री दुर्मीळ.

दिल्लीत मराठी माणूस चिवट म्हणून ओळखला जातो, अभ्यासू म्हणूनही ओळखला जातो; विनोदी म्हणून मात्र फारसा नाही. तरी आपली परंपरा लहान नाही. 1954 साली दिल्लीत मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे स्वागताध्यक्ष काकासाहेब गाडगीळ होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बसलेले काकासाहेब राजकारण आणि लेखन दोन्हींत रमले. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक असलेले मधू दंडवते 1977 साली रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी दोन इंचांची गादी घातली, आणि आपल्याला पहिला वर्ग खाली आणायचा नाही, दुसरा वर्ग वर न्यायचा आहे, असं सांगितलं. समाजवादाची याहून नेमकी व्याख्या दिल्लीत क्वचितच कोणी केली असेल.

भाजपच्या प्रमोद महाजनांचं लोकसभेतलं चीनच्या दौऱ्याचं भाषण तर अजूनही लोक पुन्हा पुन्हा ऐकतात. संयुक्त आघाडी सरकारचा तो काळ. भारतातली लोकशाही कशी चालते, हे चिनी यजमानांना समजावून सांगताना महाजनांनी शिष्टमंडळातल्या खासदारांची ओळख करून दिली. मी सर्वांत मोठ्या पक्षाचा आणि विरोधात बसतो. हे दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचे, बाहेरून पाठिंबा देतात. आणि हे गोव्याचे रमाकांत खलप, आपल्या पक्षाचे एकटेच खासदार, आणि ते सरकारमध्ये आहेत. सभागृह हसत होतं. 1996 च्या निवडणुकीनं देशाला कुठे आणून ठेवलं होतं, ते त्या एका ओळखपरेडीत सगळं आलं होतं.

गडकरी या परंपरेतले, पण त्यांचं वळण वेगळं आहे. महाजनांचा विनोद घडीव होता, वक्तृत्वस्पर्धेतून आलेला. गडकरींचा विनोद नागपूरच्या महाल भागातल्या ओट्यावरचा. हिंदी बोलतानाही त्यांचा हेल नागपुरी राहतो, आणि दिल्लीच्या सभागृहात बसलेल्या सचिवांना ते जिल्हा परिषदेतल्या अभियंत्याला झापावं तसं झापतात.

त्यांचं सर्वांत गाजलेलं राजकीय भाष्य 13 सप्टेंबर 2021 चं आहे. जयपूरला राजस्थान विधानसभेत संसदीय लोकशाहीवर चर्चासत्र होतं, आणि समोर सर्व पक्षांचे आमदार. आपण राजकारणात सुखी माणूस शोधायला निघालो, पण तो काही सापडला नाही, असं गडकरींनी सांगितलं. आमदार दुःखी, कारण मंत्रिपद मिळालं नाही. मंत्री दुःखी, कारण चांगलं खातं मिळालं नाही. चांगलं खातं मिळालेला दुःखी, कारण मुख्यमंत्री होता आलं नाही. आणि मुख्यमंत्री दुःखी, कारण खुर्ची किती दिवस राहणार याचा भरवसा नाही. त्याच भाषणात त्यांनी हिंदीतले व्यंगकार शरद जोशी यांचा दाखला दिला. जे राज्यात कामाचे उरले नाहीत त्यांना दिल्लीला पाठवलं, दिल्लीतही जमलं नाही त्यांना राज्यपाल केलं, आणि तिथंही नाही जमलं त्यांना राजदूत करून परदेशी धाडलं. ज्या महिन्यात हे भाषण झालं त्याच महिन्यात गुजरातचा मुख्यमंत्री बदलला होता आणि पंजाबचा बदलायच्या बेतात होता, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचे नाना अर्थ लावले. गडकरी मात्र ही गोष्ट आधीही सांगत होते आणि नंतरही सांगत राहिले. डिसेंबर 2024 मध्ये नागपुरात एका पुस्तकाच्या प्रकाशनाला त्यांनी नगरसेवकापासून सुरुवात करून हीच साखळी पुन्हा मांडली आणि राजकारणाला असंतुष्ट आत्म्यांचा महासागर म्हटलं.

त्यांच्या राजकीय टिप्पण्या अनेकदा स्वपक्षालाच लागतात. डिसेंबर 2018 मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगढ ही तीन राज्यं भाजपच्या हातून गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्यात सहकारी बँकांच्या कार्यक्रमात गडकरी बोलले, की यशाला बाप पुष्कळ असतात, अपयश मात्र पोरकं असतं. नेतृत्वानं अपयशाचीही जबाबदारी घ्यायला शिकलं पाहिजे. 24 डिसेंबरला दिल्लीत गुप्तचर विभागाच्या वार्षिक व्याख्यानात ते आणखी पुढे गेले. मी पक्षाध्यक्ष असेन आणि माझे खासदार-आमदार नीट काम करत नसतील, तर जबाबदार कोण? मीच. त्याच व्याख्यानात त्यांनी पंडित नेहरूंची भाषणं आपल्याला आवडतात हेही सांगितलं. भाजपच्या माजी अध्यक्षानं राजधानीत हे बोलण्याला धाडस लागतं. महिनाभरानं, 27 जानेवारी 2019 ला मुंबईत, स्वप्नं दाखवणारे नेते लोकांना आवडतात, पण ती स्वप्नं पुरी केली नाहीत तर लोक त्यांना चोप देतात, असं ते म्हणून गेले. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. विरोधकांनी ते वाक्य उचललं नसतं तरच नवल. आपला रोख कोणावर नव्हता, आपण दिलेली आश्वासनं पाळणाऱ्यांपैकी आहोत, हा खुलासा मग गडकरींच्या बाजूनं येतो. असं अनेकदा घडलेलं आहे.

शिक्षणाबद्दल ते बोलतात तेव्हा मला ते सर्वांत जवळचे वाटतात. आणीबाणीच्या सुमाराला नागपुरात शिकणारा हा मुलगा विद्यार्थी चळवळीत ओढला गेला. विज्ञान शाखेत त्याला बावन्न टक्के मिळाले. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळण्याइतके ते नव्हते. पुढे नागपूर विद्यापीठातून वाणिज्य आणि कायद्याच्या पदव्या झाल्या. ज्याला इंजिनिअर होता आलं नाही तो देशातल्या हजारो इंजिनिअरांचा मंत्री झाला, ही गोष्ट गडकरी पदवीदान समारंभांत हमखास सांगतात. विद्यापीठांनी त्यांना मानद डॉक्टरेटही बऱ्याच दिल्या. ऑक्टोबर 2021 मध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं त्यांना आणि शरद पवारांना एकाच समारंभात गौरवलं. पण नावाआधी डॉक्टर लावायचं नाही हे त्यांनी ठरवलेलं आहे, आणि आपण त्या पदवीच्या योग्यतेचे नाही असं ते कारणही देतात.

टाळ्या घेण्यापुरती ही गोष्ट सांगितली असती तर तिचं फार काही नव्हतं. पण ती ऐकायला बसलेली मुलं कोण असतात, ते पाहावं. दिल्लीत मुखर्जीनगरपासून कालू सरायपर्यंत शिकवणीवर्गांच्या गल्ल्या आहेत. स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेली मराठी मुलं तिथं दाटीवाटीनं राहतात. घरून आलेल्या पैशांत खोलीभाडं, डबा आणि क्लासची फी बसवतात. गुणपत्रिकेवरचा एक आकडा म्हणजे आयुष्याचा निकाल, असं या मुलांच्या मनावर रोज बिंबवलं जातं. त्यांना एका केंद्रीय मंत्र्यानं स्वतःचे बावन्न टक्के उघडपणे सांगणं मोलाचं आहे.

याच धाग्यात श्रीकांत जिचकार येतात. नागपूरचे जिचकार म्हणजे पदव्यांची खाण. वैद्यक, कायदा, व्यवस्थापन, पत्रकारिता, संस्कृत अशा वीसच्या आसपास पदव्या, वर आयपीएस आणि आयएएस दोन्ही परीक्षा उत्तीर्ण. राजकारणात ते काँग्रेसचे. ऑगस्ट 2022 मध्ये नागपुरात उद्योजकांपुढे बोलताना गडकरींनी त्यांची आठवण सांगितली. तू माणूस चांगला आहेस, पण चुकीच्या पक्षात आहेस, काँग्रेसमध्ये ये, असं जिचकार त्यांना म्हणाले होते. तेव्हा भाजप ठिकठिकाणी हरत होता. विहिरीत उडी मारून जीव देईन पण काँग्रेसमध्ये येणार नाही, हे गडकरींचं उत्तर. बावन्न टक्क्यांचा एक आणि वीस पदव्यांचा दुसरा. एक संघाच्या शाखेतला, दुसरा काँग्रेसचा. तरी एकमेकांशी इतकं मोकळं बोलणं होतं, हे त्या पिढीच्या नागपूरचं वैशिष्ट्य होतं. जिचकार 2004 साली अपघातात गेले. रस्त्यावरच्या अपघातात.

उद्योजकांपुढच्या त्याच भाषणात गडकरींनी अमेरिकेचे माजी अध्यक्ष निक्सन यांचं म्हणून एक वचन सांगितलं, की हरल्यानं माणूस संपत नाही, मैदान सोडल्यानं संपतो. यशाबद्दलचं हे त्यांचं सर्वांत आवडतं वचन, आणि त्यामागे स्वतःचा अनुभव आहे. डिसेंबर 2009 मध्ये ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले, वय 52. दिल्लीच्या राजकारणात नवखे. 2012 च्या अखेरीला त्यांच्याशी संबंधित पूर्ती समूहाच्या व्यवहारांवरून त्यांच्यावर आरोप झाले, त्यांनी ते फेटाळले, पण जानेवारी 2013 मध्ये दुसऱ्या कारकिर्दीचा मार्ग सोडून त्यांना बाजूला व्हावं लागलं. त्यांच्यावर आरोप करणाऱ्या अरविंद केजरीवालांनी पुढे 2018 साली बदनामीच्या खटल्यात लेखी दिलगिरी व्यक्त केली. 2013 साली दिल्लीनं त्यांना मोडीत काढलं होतं. मे 2014 मध्ये ते मंत्री म्हणून परतले आणि तेव्हापासून रस्ते वाहतूक खातं त्यांच्याकडेच आहे.

जिभेनं त्यांना अडचणीतही आणलं आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये भोपाळला बुद्ध्यंकाचा उपयोग माणूस कशासाठी करतो हे सांगताना त्यांनी स्वामी विवेकानंद आणि दाऊद इब्राहिम यांची नावं एका दमात घेतली. मुद्दा वेगळा होता, पण उदाहरण इतकं बेताल की सगळीकडून टीका झाली, आणि ती रास्तच होती. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या वादात, सप्टेंबर 2025 मध्ये, माझ्या मेंदूची किंमत महिन्याला 200 कोटी आहे, मला पैशांची ददात नाही, हे त्यांचं विधानही असंच. गाडीच्या इंजिनाची आणि मायलेजची काळजी करणाऱ्या सामान्य माणसाला त्या वाक्यातून उत्तर मिळालं नाही. गडकरींच्या विनोदाला स्वतःचं न्यून सांगताना जे तेज येतं, ते स्वतःची थोरवी सांगताना उरत नाही.

उलट, उज्जैनचे खासदार अनिल फिरोजिया यांचा किस्सा पाहा. फेब्रुवारी 2022 मध्ये उज्जैनच्या जाहीर सभेत फिरोजियांनी मतदारसंघासाठी निधी मागितला. गडकरींनी भर व्यासपीठावर अट घातली: वजन कमी करा, दर किलोमागे हजार कोटी देतो. आणि लगेच स्वतःचं उदाहरण दिलं. आपण एके काळी 135 किलोंचे होतो, आता 93 वर आलो आहोत, जुना फोटो पाहिला तर लोक ओळखणार नाहीत. फिरोजियांनी तो शब्द मनावर घेतला. पहाटे उठून चालणं, योग, सायकल, जेवणात भाकरी-भाजी. जूनपर्यंत पंधरा आणि ऑक्टोबरपर्यंत बत्तीस किलो उतरवून ते दिल्लीत मंत्र्यांपुढे हिशेब घेऊन उभे राहिले. मंत्र्यांनी त्यांच्या भागासाठी 2,300 कोटींची कामं मंजूर केल्याचं फिरोजियांनी सांगितलं. आता रस्त्याचा निधी खासदाराच्या वजनावर ठरू नये हे उघड आहे, आणि तसा तो ठरतही नाही. पण मधुमेहानं आणि लठ्ठपणानं पोखरलेल्या आपल्या राजकीय वर्गात एका माणसानं तब्येत सुधारली, हे त्या कोटीचं फळ नक्कीच आहे.

संसद मार्गावरच्या परिवहन भवनात गडकरींच्या कार्यालयात केनेडी यांच्या नावानं एक वचन लावलेलं आहे. अमेरिका श्रीमंत आहे म्हणून तिथले रस्ते चांगले नाहीत, रस्ते चांगले आहेत म्हणून अमेरिका श्रीमंत आहे. गडकरींना याची प्रचिती महाराष्ट्रातच आली होती. 1995 ते 1999 या युतीच्या काळात ते सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी सर्वांत कमी दराची निविदा 3,600 कोटींची होती. ती त्यांनी नाकारली, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकरवी काम काढलं, आणि ते सुमारे 1,600 कोटींत झालं. मुंबईतले पन्नासहून अधिक उड्डाणपूल त्याच काळातले. बाळासाहेब ठाकरे त्यांना रोडकरी म्हणू लागले, ते तेव्हापासून. रामटेकला सासऱ्यांचं घर रस्त्याच्या मध्ये येत होतं, तेव्हा बायकोला न सांगता ते पाडायला लावलं, हा किस्सा त्यांनी सप्टेंबर 2021 मध्ये हरियाणातल्या सोहना इथं, दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाच्या पाहणीच्या वेळी सांगितला. जमीन द्यायला कुरकुर करणाऱ्या गावांमध्ये अशी गोष्ट शंभर परिपत्रकांचं काम करते.

दिल्लीच्या भोवती तर त्यांच्या कामाच्या खुणा जागोजागी आहेत. 135 किलोमीटरचा पूर्व परिघीय मार्ग मे 2018 मध्ये सुरू झाला आणि राजधानीत विनाकारण शिरणारे ट्रक बाहेरून जाऊ लागले. दिल्ली-मेरठ मार्ग एप्रिल 2021 मध्ये पूर्ण खुला झाला. द्वारका मार्गाचा हरियाणातला भाग मार्च 2024 मध्ये आणि दिल्लीतला ऑगस्ट 2025 मध्ये वाहता झाला. गाझियाबादहून किंवा गुरुग्रामहून रोज दिल्लीला कामावर येणाऱ्या माणसाला या रस्त्यांनी दिवसाचा तासभर परत दिला असेल, तर त्याला मंत्र्यांची फुशारकी खुपणार नाही.

पण जो माणूस इतरांना वर्ष आणि रक्कम विचारतो, त्यालाही ती विचारली पाहिजे. याच द्वारका मार्गाचा खर्च किलोमीटरला 250 कोटींवर गेल्याचं ऑगस्ट 2023 मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालात आलं. मूळ योजनेत तो 18 कोटींच्या आसपास धरलेला होता. मंत्रालयानं उत्तर दिलं की हा उन्नत, आठपदरी, बोगद्यांचा रस्ता आहे, त्याची तुलना साध्या महामार्गाशी करू नये, आणि निविदा अंदाजापेक्षा कमी दरानंच गेल्या. या उत्तरात तथ्य आहे. तरी मूळ आकडा आणि प्रत्यक्ष आकडा यांच्यातलं अंतर लोकांना आधी कोणी समजावून सांगितलं नव्हतं, हेही खरं. 2020 साली द्वारकेच्या त्या भाषणात गडकरींनी तुलनेसाठी दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग घेतला होता. लाखभर कोटींचा तो रस्ता तीन-साडेतीन वर्षांत होईल आणि ही एक इमारत मात्र दहा वर्षं चालली, असं ते म्हणाले होते. फेब्रुवारी 2023 मध्ये सोहना-दौसा टप्पा सुरू झाला, आणखी काही टप्पे झाले, पण संपूर्ण रस्ता 2025 उलटेपर्यंत पूर्ण झालेला नव्हता. आणि मुंबई-गोवा महामार्ग? त्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी तेव्हापासून दरवर्षी नवी तारीख ऐकतो आहे. काम बिघडवलंत तर खडीऐवजी तुम्हालाच बुलडोझरखाली घालीन, असा दम गडकरी कंत्राटदारांना देतात. कोकणातल्या रस्त्यावर त्या दमाचा परिणाम दिसला नाही.

12 डिसेंबर 2024 ला लोकसभेत ते रस्ते अपघातांवर बोलले. त्या दिवशी सभागृहात हशा नव्हता. आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये अपघातांचा विषय निघतो तेव्हा मी तोंड लपवायचा प्रयत्न करतो, असं त्यांनी सांगितलं. खातं हाती घेताना अपघात निम्म्यानं कमी करायचं ठरवलं होतं. कमी होणं सोडाच, ते वाढले, हे मला कबूल करायला लाज वाटत नाही, असंही म्हणाले. स्वतःच्या कुटुंबासह आपण मोठ्या अपघातात सापडलो होतो आणि बराच काळ रुग्णालयात होतो, याची आठवण त्यांनी दिली. आकडे खरोखरच भयंकर आहेत. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. 2023 साली ही संख्या 1 लाख 72 हजारांच्या वर गेली. मरणाऱ्यांत तरुण सर्वांत जास्त.

माझ्या मते हे त्यांचं सर्वांत महत्त्वाचं भाषण आहे, जयपूरच्या भाषणाहून आणि द्वारकेच्याही भाषणाहून मोठं. द्वारकेत त्यांनी अधिकाऱ्यांचे फोटो लावायला सांगितले होते. लोकसभेत त्यांनी स्वतःचाच फोटो लावला. एवढं बोलणारे मंत्री आपल्याकडे थोडे आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याकडून अपेक्षाही जास्त आहे. कबुलीनंतर काय, हे अजून सिद्ध व्हायचं आहे.

गडकरींची भाषणं आपल्यापर्यंत मोबाइलवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत पोचतात. त्यात कोटी राहते, आकडा गळून पडतो. लोकसभेतलं ते उत्तर पूर्ण ऐका. संसदेच्या कामकाजाच्या चित्रफिती सर्वांना खुल्या आहेत. आणि कधी ते तुमच्या गावात भूमिपूजनाला आले, तर मनापासून हसा, टाळ्याही वाजवा, आणि सभा संपायच्या आत तुमच्या रस्त्याचं काम कोणत्या महिन्यात पूर्ण होणार आणि त्यावर किती खर्च होणार, एवढं त्यांच्याकडून वदवून घ्या.